किशोरांसाठी गूढ साहसकादंबरी कशी लिहायची: भुताने कोडं घालावं, सोडवू नये

नऊ ते तेरा वर्षांची मुलं भुताची गोष्ट ऐकताना दोन प्रश्न हमखास विचारतात. पहिला, "मग पुढे काय झालं?" दुसरा जरा उशिराने येतो आणि हुज्जत घालत येतो, "पण त्या भुताला सगळं माहीत होतं, तर त्याने आधीच का नाही सांगितलं?" पहिल्या प्रश्नाची सोय लेखक करतोच. दुसऱ्या प्रश्नापाशी मात्र चांगल्या चांगल्या कल्पना कोसळतात, कारण भूत लेखकाच्या सोयीने बोलतं, सोयीने गप्प बसतं आणि शेवटी स्वतःच येऊन सगळा उलगडा करतं. मग ज्या मुलांनी दोनशे पानं धडपड केली, त्यांचं काम काय राहिलं?

या प्रकारात तीन गोष्टी एकत्र नांदतात. भुताखेतांची भीती, उकलायचं रहस्य आणि हातपाय हलवून करायचं साहस. तिन्हींचा तोल सांभाळायला मी एकच कसोटी लावतो: अमानवी शक्तीने कोडं घालावं, सोडवू नये. पुढची प्रत्येक पायरी या कसोटीवरच उभी आहे. सोयीसाठी एक काल्पनिक कथानक घेतो आणि तेच शेवटपर्यंत वापरतो.

कथानक असं. धरणाच्या जलाशयात एक गाव बुडालेलं आहे. उन्हाळ्यात पाणी उतरलं की जुन्या शाळेचं छप्पर आणि व्हरांडा वर येतो. तेव्हा संध्याकाळी पाण्यावरून हजेरी घेतल्याचा आवाज येतो. तेवीस नावं. प्रत्येक नाव एकदा, फक्त सतराव्या क्रमांकाचं नाव तीनदा. मग शांतता. सुट्टीत आलेली मुक्ता, तिचा मित्र ओंकार आणि मुक्ताचा धाकटा भाऊ चिनू हे ऐकतात आणि ठरवतात की सतरा नंबर कोण ते शोधायचं.

पायरी १: आधी खरं काय घडलं ते एका पानावर लिहा

कादंबरी पहिल्या प्रकरणापासून सुरू करू नका. तिच्या आधीची गोष्ट सुरू करा, जी वाचकाला तुकड्यातुकड्यांनी कळणार आहे. ती सरळ, काळाच्या क्रमाने, काहीही न लपवता लिहा. या पानावर वातावरण नको, उपमा नकोत. कोणी, कधी, का, एवढंच.

आपल्या कथेचं ते पान असं होईल. गाव उठायचा दिवस. मुलांना ट्रकमध्ये बसवण्याआधी संध्याकाळी मास्तरांनी शेवटची हजेरी घेतली. सतरा नंबरचा मुलगा सापडेना. तो आपल्या मामाबरोबर आधीच होडीतून निघाला होता. कोणाला सांगितलं नव्हतं. मास्तरांनी हाका मारल्या, पण त्याला डाव्या कानाने ऐकू येत नव्हतं आणि होडीत बसल्यावर शाळा डाव्या हाताला होती. मास्तरांनी बाकीच्यांना रवाना केलं आणि ते त्याला शोधत मागे राहिले. रात्री पाणी अपेक्षेपेक्षा लवकर चढलं. मास्तर बुडाले. मुलाला हे पुढे कळलं. त्याने नाव बदललं, मोठा झाल्यावर परत आला आणि त्याच जलाशयावर होडी चालवू लागला. आता तो म्हातारा आहे.

हे पान लिहून झालं की तीन प्रश्न आपोआप मिटतात. आवाज संध्याकाळीच का येतो? ती हजेरी संध्याकाळचीच होती म्हणून. सतरावं नाव तीनदा का? मास्तरांनी तीनदा हाक मारली म्हणून. आणि भुताला हवंय काय? सूड नकोय, खजिना नकोय. हजेरी पूर्ण व्हायला हवी आहे. भुताला काय हवंय हे एका साध्या वाक्यात सांगता येईना, तर या पानावर अजून काम करा. पुढे जाण्याची घाई इथेच महागात पडते.

कलाटणीही याच पानातून निघते. मुलं, आणि त्यांच्याबरोबर वाचकही, धरून चालतील की सतरा नंबर म्हणजे बुडून मेलेला मुलगा. प्रत्यक्षात मेलेला आहे तो हाक मारणारा. ज्याला हाक मारली जाते तो जिवंत आहे आणि रोज त्यांना होडीतून फिरवतो आहे. अशी कलाटणी शेवटी वरून चिकटवता येत नाही. ती मुळातच असावी लागते.

पायरी २: अमानवी शक्तीला नियम लावा

इंग्रज धर्मगुरू आणि रहस्यकथाकार रोनाल्ड नॉक्स यांनी १९२९ मध्ये रहस्यकथेसाठी दहा नियम मांडले. दुसराच नियम असा की, अमानवी किंवा दैवी शक्तींना गोष्टीत प्रवेश नाही. आपण तर तो पहिल्या पानापासून मोडणार. मग तो नियम कशासाठी होता हे समजून घ्यायला हवं. रहस्यकथा हा लेखक आणि वाचक यांच्यातला डाव आहे. भूत भिंतीतून आरपार जाऊ शकत असेल, तर बंद खोलीतल्या चोरीचं कोडं कोणी का सोडवावं? डाव तिथेच संपतो. त्याच यादीतला आणखी एक नियम सांगतो की शोध घेणाऱ्याला योगायोगाने किंवा अचानक झालेल्या साक्षात्काराने मदत मिळता कामा नये. हा नियम मात्र आपल्याला जसाच्या तसा पाळायचा आहे.

भूत ठेवूनही डाव प्रामाणिक राखायचा तर भुताला मर्यादा हव्यात, आणि त्या वाचकाला वेळेवर कळायला हव्यात. एका कागदावर लिहा: ही शक्ती कधी प्रकट होते, कुठे, काय करू शकते आणि काय अजिबात करू शकत नाही. शेवटचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. नवे लेखक तोच मोकळा सोडतात.

आपल्या मास्तरांचे नियम: पाणी व्हरांड्याच्या खाली असेल तरच आवाज. संध्याकाळीच. हजेरीपटावरच्या नावांपलीकडे एक शब्दही बोलता येत नाही. प्रश्नाला उत्तर देता येत नाही. दुसऱ्या कोणी "हजर" म्हटलं तर चालत नाही, ज्याचं नाव त्यानेच ओ द्यायला हवी.

सुरुवातीचा हुज्जतीचा प्रश्न आता पुन्हा विचारून पाहा. मास्तरांनी आधीच का नाही सांगितलं? कारण त्यांना नावांशिवाय काही बोलताच येत नाही. वाचकाला हे पहिल्या पन्नास पानांत कळलेलं असेल, तर शेवटी तो तक्रार करणार नाही.

नियम सांगायचे कसे? एखाद्या म्हाताऱ्या जाणकाराच्या तोंडून भाषण नको. मुलांना चुकत चुकत शिकू द्या. तिसऱ्या प्रकरणात चिनू धीर करून मध्येच "हजर!" असं ओरडतो. काहीच घडत नाही, आवाज त्याच लयीत सतरावं नाव पुन्हा उच्चारतो. प्रसंग गमतीचा आहे, थोडा अंगावर येणारा आहे, आणि वाचकाला नियम कळून चुकला आहे. एकदा ठरलेला नियम मात्र लेखकाने स्वतःच्या सोयीसाठी कधीही मोडू नये. तो मोडावासा वाटला तर अडचण कथानकात आहे असं समजा आणि मागे जाऊन तिथे दुरुस्ती करा.

पायरी ३: साधं कारण शोधून पाहणारी मुलं घडवा

फ्रान्समध्ये काम करणारे समीक्षक त्स्वेतान तोदोरोव यांनी १९७० मध्ये या प्रकाराची एक नेमकी ओळख सांगितली. घडतंय ते निसर्गनियमांत बसणारं आहे की त्यापलीकडचं, या संभ्रमात वाचक जोवर आहे तोवर गूढाची खरी चव. उत्तर एका बाजूला पडलं की गोष्ट दुसऱ्या प्रकारात जाते. मोठ्यांच्या गोष्टीत हा संभ्रम शेवटपर्यंत ताणता येतो. किशोरांसाठी मी तसं करत नाही. या वयाच्या वाचकाला निर्णय हवा असतो, आणि तो दिला नाही तर फसवल्यासारखं वाटतं. पण संभ्रम निम्म्या पुस्तकापर्यंत तरी जिवंत राहिला पाहिजे, आणि त्यासाठी नैसर्गिक कारणं खरोखरची, वजनदार हवीत. मांजर धडपडलं, वाऱ्याने दार आपटलं, एवढ्यावर आजची मुलं भुलत नाहीत.

खरी कारणं भरपूर आहेत आणि कितीतरी कथानकं त्यांतच दडलेली आहेत. १९२१ मध्ये अमेरिकेतल्या नेत्रवैद्यकाच्या एका नियतकालिकात एका कुटुंबाची हकिगत छापून आली. नव्या घरात पावलांचे आवाज, अनोळखी आकृत्या, सगळ्यांना डोकेदुखी आणि मरगळ. कारण निघालं घर गरम ठेवणारी बिघडलेली भट्टी आणि तिच्यातून घरात पसरणारा कार्बन मोनॉक्साइड. इंग्लंडमधल्या विक टँडी या अभियंत्याला आपल्या प्रयोगशाळेत अकारण धास्ती वाटायची आणि डोळ्यांच्या कोपऱ्यात करडी आकृती दिसायची. एकदा पकडीत अडकवलेलं तलवारबाजीचं पातं आपोआप थरथरताना त्याने पाहिलं आणि शोध घेत तो हवा बाहेर फेकणाऱ्या पंख्यापर्यंत पोहोचला. पंख्यामुळे खोलीत साधारण १९ हर्ट्झचा ध्वनी घुमत होता. माणसाला ऐकू येण्याची खालची मर्यादा २० हर्ट्झच्या आसपास असते. हा ऐकू न येणारा ध्वनीच धास्तीचं कारण असावा, हा तर्क त्याने आपल्या अनुभवासह १९९८ मध्ये प्रसिद्ध केला. टेबल आपोआप फिरतं, या त्या काळी गाजलेल्या प्रकाराची मायकेल फॅरडेंनी १८५३ मध्ये तपासणी केली आणि दाखवून दिलं की बसलेली माणसंच नकळत टेबल ढकलतात. रानात चकवा लागतो म्हणतात, त्यालाही आधार आहे. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात जर्मनीतल्या जंगलात आणि ट्युनिशियातल्या वाळवंटात लोकांना सरळ चालायला सांगितलं होतं. सूर्य किंवा चंद्र दिसत नसताना ती माणसं गोल फिरून आपल्याच वाटेवर आली, आणि आपण सरळच चाललोय असं त्यांना वाटत राहिलं.

अशी माहिती गोष्टीत धड्यासारखी ओतायची नाही. तिच्यापासून प्रसंग बनवायचा. आपल्या कथेत मोठी माणसं म्हणतात, "पलीकडच्या काठावरची शाळा असेल. पाण्यावरून आवाज लांबवर येतो." हे म्हणणं अगदी शास्त्रशुद्ध आहे. उन्हाळ्याच्या संध्याकाळी पाण्यालगतची हवा गार आणि वरची उबदार असेल तर ध्वनी वर निसटून न जाता खाली वळतो, त्यामुळे लांबच्या काठावरचं बोलणं जवळ असल्यासारखं ऐकू येतं. मग मुलं काय करतात? भुताचा हट्ट धरत नाहीत, तपासतात. ओंकार पलीकडच्या काठावर जातो, मुक्ता अलीकडे थांबते, दोघं घड्याळं जुळवतात, आणि आवाज कुठून येतोय ती दिशा आपापल्या वहीत बाणाने काढतात. दुसऱ्या दिवशी दोन्ही बाण नकाशावर वाढवतात. रेषा पाण्याच्या मध्यावर, छपरापाशी मिळतात.

या प्रसंगात मुलं मोठ्यांपेक्षा काटेकोर ठरली. भुतावर विश्वास ठेवण्याआधी त्यांनी तो कमावला, आणि वाचकानेही. माझा आग्रह आहे की गोष्टीतलं मुख्य भूत खरं असलं तरी निदान एक भयंकर वाटणारी घटना साध्या कारणाने सुटलेली दाखवावी, आणि ते कारण मुलांनीच शोधलेलं असावं. भुताच्या गोष्टी वाचून मूल भोळसट होईल ही पालकांची काळजी रास्त असते. तिला प्रस्तावनेतून उत्तर देऊ नये, अशा प्रसंगांतून द्यावं.

उलट फसवणूकही टाळा. अर्धं पुस्तक खरं भूत दाखवून शेवटी "ते तस्करांनी लावलेले दिवे होते" किंवा "ते स्वप्न होतं" असं केलंत, तर वाचक तुमचं पुढचं पुस्तक उघडणार नाही. शेवट तस्करांचा करायचाच असेल तर तेही पहिल्यापासून ठरवा आणि त्याचा माग प्रामाणिकपणे ठेवा.

पायरी ४: पात्रं तीन-चारच

मुख्य पात्राचं वय तुमच्या वाचकापेक्षा एखाद-दुसऱ्या वर्षाने जास्त ठेवा. मुलांना आपल्यापेक्षा थोड्या मोठ्यांबद्दल वाचायला आवडतं. प्रत्येकाला एक जमणारी गोष्ट आणि एक न जमणारी गोष्ट द्या, आणि दोन्ही कथानकात कामी आणा. मुक्ता सतत मोजते: पायऱ्या, खिडक्या, माणसं. ओंकारला पाण्याची भीती वाटते. चिनूला गप्प बसता येत नाही. यातलं एकही वैशिष्ट्य शोभेसाठी नसावं. ओंकारची भीती शेवटच्या होडीप्रवासात आडवी आली नाही, तर ती काढून टाका.

मोठ्यांचं काय करायचं हा या प्रकारातला जुना पेच आहे. आई-वडील मूर्ख दाखवणं हा सोपा मार्ग आणि वाईट मार्ग. शहाणी, प्रेमळ पण वेगळ्या कामात गुंतलेली मोठी माणसं जास्त खरी वाटतात. ती मुलांवर अविश्वास दाखवत नाहीत, त्यांच्याकडे दुसरं पटण्यासारखं उत्तर असतं, एवढंच.

पायरी ५: धागे पेरा आणि झाका

इथे वेळ घाला. रहस्याचा कस इथेच लागतो.

ज्या निष्कर्षाला वाचकाने पोहोचायला हवं, त्याच्यासाठी निदान तीन वेगवेगळे धागे ठेवा. एक निसटला तरी दोन हाताशी राहतात. आपला मुख्य निष्कर्ष: होडीवाला हाच सतरा नंबर. त्याचे धागे असे. होडीवाला कोणालाही आपल्या डाव्या बाजूला बसू देत नाही. शाळेच्या जुन्या फोटोत सगळी मुलं समोर बघतायत, एकानेच मान वळवून उजवा कान पुढे केलाय. व्हरांड्याच्या पाण्याखालच्या पायऱ्या किती आहेत ते होडीवाला सहज सांगून जातो, तरी आपण या गावचे नाही असंही म्हणतो.

धागा लपवायचा म्हणजे तो दाखवायचाच, पण वाचकाचं लक्ष दुसरीकडे असताना. एक उतारा घेऊन बघू.

होडीवाला आजोबा हातानेच खूण करून म्हणाले, "इकडं, इकडं. तिघंही या बाजूला." चिनूला मात्र पलीकडेच बसायचं होतं, कारण तिकडून पाण्यात हात घालता येत होता. तो धावत गेला, होडी कलली आणि ओंकारने डोळे गच्च मिटून मुक्ताचा दंड असा आवळला की तिच्या दंडावर चार बोटं उमटली. "सांगितलं ना इकडं!" आजोबा खेकसले. चिनू हिरमुसून परत आला.

वाचकाच्या लक्षात काय राहतं? होडी कलली, ओंकार घाबरला, चिनूला ओरडा बसला. "इकडं" हा शब्द तीनदा कानावर पडला तरी होडीचा तोल सांभाळण्यासाठी तो म्हटलाय असंच वाटतं. खरं तर तोलासाठी तिघांना एकाच बाजूला कोणी बसवत नाही. पुन्हा वाचणाऱ्याला ते जाणवेल आणि तो खूश होईल. धाग्यानंतर लगेच भीती, विनोद किंवा भांडण आणा, धागा आपोआप झाकला जातो. दुसरी युक्ती म्हणजे यादी. फोटोतल्या मुलांचं वर्णन करताना मान वळवलेला मुलगा मधोमध ठेवा. यादीतलं पहिलं आणि शेवटचं वाचकाच्या लक्षात राहतं, मधलं निसटतं.

प्रत्येक धाग्याची एका तक्त्यात नोंद ठेवा: कोणत्या प्रकरणात आला, त्या वेळी वाचकाला काय वाटेल, खरा अर्थ काय, आणि तो अर्थ कुठे उघड होतो. हा तक्ता भिंतीवर लावा. दोन धाग्यांमध्ये सलग चार-पाच प्रकरणं कोरडी गेली तर ते लगेच दिसतं.

फसवा मागही हवा, पण तोही खऱ्या गोष्टीतूनच निघालेला असावा. मुलांना जुन्या फोटोत तेवीस मुलं मोजता येतात आणि गाव सोडून गेलेल्यांच्या यादीत बावीस. मेलेला मुलगा मिळाला असं त्यांना वाटतं. आकडे खरे आहेत, मुक्ताने बरोबर मोजलंय, फक्त अर्थ चुकलाय. लेखकाने खोटं बोलायचं नाही, पात्रांना चुकीचा अर्थ लावू द्यायचा.

पायरी ६: भीती मापून घाला

किशोरांच्या भीतीची दोन टोकं सांभाळावी लागतात. फार सौम्य लिहिलंत तर मुलं पुस्तक धाकट्या भावाला देऊन टाकतात. फार पुढे गेलात तर रात्रीची झोप उडते आणि पुस्तक कपाटावर जातं.

भीती वाट पाहण्यात असते, त्यामुळे वर्णन कमी आणि उशीर जास्त. रक्त, सडलेलं मांस, फुटलेले डोळे यांची गरज पडत नाही. रोजच्या ओळखीच्या गोष्टीत एकच बदल करा. हजेरी हा मुलांच्या आयुष्यातला सगळ्यात कंटाळवाणा आवाज. तोच पाण्यावरून, रिकाम्या छपरातून आला की पुरे. सतराव्या नावाआधीची शांतता लिहिताना वाक्यं आखूड करा, पाण्याची एखादी बारीक हालचाल दाखवा, चिनूलासुद्धा गप्प करा.

एक पथ्य मी कटाक्षाने पाळतो. वाचक ज्या अंथरुणात पुस्तक वाचतोय, ज्या न्हाणीघरात रात्री एकटा जाणार आहे, त्या जागा असुरक्षित करायच्या नाहीत. केल्या, तर त्याच प्रकरणात किंवा पुढच्यात पुन्हा सुरक्षित करायच्या. भूत जलाशयात राहतं, पुस्तक मिटलं की ते तिथेच राहतं. प्रत्येक मोठ्या दचक्यानंतर श्वास घ्यायला जागा द्या: खाणं, थट्टा, झोप, उजेड. सतत ताणलेली भीती बोथट होते.

पायरी ७: साहसाला नकाशा आणि घड्याळ द्या

ही पायरी कागद-पेन्सिलीची. जलाशय, काठ, शाळेचं छप्पर, होडीचा धक्का, पाणी कुठवर उतरतं आणि कुठवर चढतं, सगळं काढा. कुठून कुठे जायला किती वेळ लागतो ते लिहा. मुक्ता दहा मिनिटांत पलीकडे पोहोचते असं सहाव्या प्रकरणात म्हणालात तर बाराव्यात तिला अर्धा तास लागता कामा नये. मुलं हे बरोबर पकडतात.

साहसाला मुदत हवी. आपल्याकडे ती आयती आहे. वरच्या खोऱ्यात पाऊस सुरू झालाय आणि पाणी चढू लागलंय. व्हरांडा बुडाला की आवाज बंद. आज किती पायऱ्या उघड्या आहेत हे प्रत्येक प्रकरणात ओझरतं येऊ द्या. सात, पाच, चार. मोजणारी मुक्ता हे काम सहज करते, लेखकाला वेगळं सांगावं लागत नाही.

आणि एक जबाबदारीची गोष्ट. मुलं अनुकरण करतात. पात्रं पाण्यात जाणार असतील तर होडीत अंगावर जीवरक्षक जाकीट असू द्या, कोणा मोठ्याला कुठे जातोय ते कळू द्या. पाण्याची धास्ती असलेला ओंकार जाकिटाचे पट्टे तीन-तीनदा तपासतो, यात त्याचा स्वभावही दिसतो आणि खबरदारीही. थरार त्याने कमी होत नाही.

पायरी ८: शेवट मुलांच्या हातात

शेवट लिहिताना वहीत वरच लिहून ठेवा: मुलं नसती तर हे घडलं असतं का? उत्तर "हो" आलं तर शेवट बदला.

आपल्या होडीवाल्या आजोबांना मास्तरांची हाक आजवर कधीच ऐकू आली नाही. एक कान मुळातच बंद, दुसऱ्याला जवळचं तेवढंच ऐकू येतं. इतकी वर्षं ते त्याच पाण्यावर होते, हाक येत होती आणि पोहोचत नव्हती. मास्तर नावाशिवाय काही बोलू शकत नाहीत. आजोबा ऐकू शकत नाहीत. मधला दुवा फक्त मुलं होऊ शकतात. व्हरांड्याची शेवटची पायरी बुडायला आलीय, मुक्ता आजोबांचा हात धरून बसलीय, एकेक नाव येतं तशी ती त्यांच्या तळहातावर बोट टेकवून मोजते. सतराव्याला ती थांबते आणि त्यांच्याकडे बघते. पुढचं त्यांनी करायचं आहे.

इथे भुताशी लढाई झाली नाही, मंत्र झाला नाही. नियमांपैकी प्रत्येक नियम कामाला आला आणि मुक्ताची मोजायची सवय पहिल्या प्रकरणापासून जी दिसत होती, ती आता निर्णायक ठरली. उलगडा होईपर्यंत नवा नियम, नवं पात्र, नवी शक्ती आणू नका. शेवटच्या पाचव्या हिश्श्यात वाचकाला लागेल ते सगळं आधीच त्याच्या हातात असलं पाहिजे.

क्लायमॅक्सनंतर फार रेंगाळू नका. एक छोटं प्रकरण पुरतं.

पायरी ९: लांबी, भाषा आणि कच्चा खर्डा वाचून बघणं

इंग्रजी प्रकाशनविश्वात आठ ते बारा वयोगटाच्या कादंबऱ्या साधारण ३०,००० ते ५०,००० शब्दांच्या असतात. मराठीत पहिल्या प्रयत्नाला मी २०,००० च्या आसपास थांबायला सांगेन. दीड हजार शब्दांचं एक प्रकरण धरलं तर तेरा-चौदा प्रकरणं होतात, आणि असं प्रकरण रात्री मोठ्याने वाचायला पंधरा मिनिटांच्या आसपास लागतात. प्रकरणाच्या शेवटी दरवेळी किंकाळी नको. कधी प्रश्न, कधी नवा धागा, कधी नुसता निर्णय, "उद्या आपण पलीकडे जायचं."

भाषा मुलांची ठेवा, पण बोबडी करू नका. "गूढ", "भयाण", "अनामिक" ही विशेषणं खर्ड्यात शोधून काढा आणि शक्य तिथे त्यांच्या जागी दिसणारी-ऐकू येणारी गोष्ट लिहा.

मग वाचक बोलवा. पाच-सहा मुलं, त्या वयाची, शक्यतो तुमच्या घरची नकोत, कारण घरची मुलं तुमचं मन राखतात. मोठ्याने वाचा आणि बाजूला वही ठेवा. कुठे चुळबुळ झाली, कुठे कोणी मध्ये बोललं, कुठे हसू यायला हवं तिथे आलं नाही, खुणा करत जा. "आवडलं का?" हा प्रश्न निरुपयोगी आहे. उलगड्याच्या आधीच्या प्रकरणाशी थांबा आणि प्रत्येकाला चिठ्ठीवर लिहायला सांगा: सतरा नंबर कोण, आणि तुला असं का वाटतं? चिठ्ठीवर लिहून घ्यायचं कारण असं की, तोंडी विचारलं तर एक धीट मूल उत्तर देतं आणि बाकीची माना डोलावतात.

सगळ्यांनी बरोबर ओळखलं तर धागे फार उघडे आहेत, एखादा धागा पुढच्या प्रकरणात ढकला किंवा त्याच्यावर आणखी गोंधळ घाला. कोणीच ओळखलं नाही आणि उलगडा ऐकून "हां!" असा उद्गारही आला नाही, तर धागे दिसलेच नाहीत, एक तरी वर आणा. एकाने-दोघांनी ओळखलं आणि इतरांनी उलगडा ऐकल्यावर मागची पानं उलटून होडीत बसण्याचा प्रसंग शोधायला सुरुवात केली, तर त्या भागाला हात लावू नका. चुळबुळीच्या खुणा असलेली प्रकरणं घ्या आणि दुसरा खर्डा तिथून सुरू करा.